बेचाळिसावी पिशवी

१

सोन्याची वाटी गेली, आणि ती माझ्या धाकट्या भावाने चोरली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. सगळ्यांनी म्हणजे फौजदारांनी, ठेकेदाराने, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मीसुद्धा.

मी संग्रहालयात खापरं धुते. एकोणतीस वर्षं झाली. जमिनीतून जे काही निघतं ते आधी माझ्या टबात येतं, मग काचेच्या कपाटात जातं. लोक कपाट बघून वाहवा करतात, टब कुणी बघत नाही. मला त्याचं काही नाही. लोकांनी मला मावशी म्हणायचं आणि माझ्या टबापासून चार हात लांब राहायचं, एवढंच माझं म्हणणं असतं.

धाकटा खोदाईचं मशीन चालवतो. एका गुरुवारी सकाळी शहराबाहेरच्या टेकाडातून पाण्याच्या पाइपासाठी चर काढताना बकेट एका दगडावर खाडकन आपटली. दगड साधा नव्हता, लादी होती, नीट बसवलेली. ती तिरकी झाली आणि खालची पोकळी उघडी पडली. दुसरा कुणी असता तर दोन फटके आणखी मारून पाइप टाकून मोकळा झाला असता. धाकट्याने मशीन बंद केलं. का? कारण मी त्याला वर्षानुवर्षं सांगत आले, की रचलेला दगड दिसला, जळकी माती दिसली, की हात थांबव. माझं ऐकलं, हीच त्याची चूक.

त्याने वाकून पाहिलं. आत हाडं, हिरवी पडलेली भांडी आणि त्यांच्या मधोमध एक पिवळी वाटी, मातीने भरलेली. तेवढ्यात कडेची माती घसरली आणि सगळं झाकलं गेलं. त्याने अंगातला शर्ट काढून त्या भगदाडावर टाकला, चार दगड ठेवले आणि मला फोन केला. मी साहेबांना सांगितलं.

साहेब म्हणजे आमच्या खोदकामाचे प्रमुख. दोन महिन्यांनी निवृत्त होणार. ते आणि औषधवाली बाई, म्हणजे सापडलेल्या वस्तूंना औषधपाणी करून टिकवणारी आमची तरुण मुलगी, असे दोघे दोन दिवस त्या खड्ड्यात बसून होते. शनिवारी खोकी आली. काशाची पाच भांडी, मणी, हाडं, आणि मातीच्या पिशव्या. सोन्याचा कणही नाही.

सोमवारी धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन संग्रहालयात आला. साहेबांसमोरच मला म्हणाला, "ताई, माझी वाटी कुठं ठेवलीय? हिला दाखवायची होती."

साहेबांनी चष्मा पुसला. "कसली वाटी?"

ते बोलणं फौजदारांपर्यंत पोचलं आणि संध्याकाळी त्याला चौकीत नेलं.

२

पुढच्या गुरुवारी सकाळी आठला मी चौकीच्या बाकावर जाऊन बसले. अकरापर्यंत बसवून ठेवलं. फौजदार वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या टेबलावर एक जुना कागद होता. धाकट्याने अठराव्या वर्षी एका बांधकामावरून तांब्याची तार उचलली होती. तेव्हा मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या होत्या आणि त्यानंतर त्याने दुसऱ्याच्या खिळ्यालाही हात लावला नाही. पण थोबाडीत दिल्याची नोंद कागदावर नसते.

"मावशी, तो स्वतःच म्हणतो की वाटी पाहिली," फौजदार म्हणाले. "ठेकेदार येईपर्यंत अर्धा तास तो तिथे एकटा होता. यादीत वाटी नाही. मी दुसरं काय समजू?"

"घ्यायचीच होती तर पाहिली म्हणून बोंबलत कशाला आला असता?"

"ते त्याला कोर्टात विचारतील. कोठडी आज संपतेय, चारला परत तिथे नेतोय. वाटी कुठे आहे ते त्याआधी कळलं तर बघू."

धाकटा गजाआड भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. पाणी मागितलं की थांब म्हणतात, असं म्हणाला. सोमवारी मी त्याला एकच प्रश्न विचारला होता, तू घेतलीस का. त्याने नुसतं तोंड फिरवलं होतं. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नव्हतं.

मी माझी पाण्याची बाटली आत दिली. त्याने ती एका दमात रिकामी केली.

"वाटी कशी होती ते सांग," मी म्हणाले.

"एवढी." त्याने मूठ दाखवली. "उभी, अर्धी मातीच्या वर. बाहेरून पाकळ्या उठवलेल्या."

"किती?"

"माझ्या बाजूला चार. म्हणजे सगळ्या मिळून आठ असणार." मग हळूच म्हणाला, "ताई, हात नाही लावला गं मी. तूच सांगितलं होतंस ना, हात लावायचा नाही."

मला तिथे उभं राहवेना. रडायला वेळ नव्हता, म्हणून मी तरातरा बाहेर पडले.

३

ठेकेदार टेकाडाच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोलीत बसून फोनवर कुणालातरी झापत होता. मला बघून त्याने फोन ठेवला आणि उरलेला राग माझ्यावर काढला.

"तुमच्या भावाने आठ दिवस काम बंद पाडलंय माझं. मी आलो तेव्हा नुसत्या बनियनवर दगडांपुढे उभा. मला खाली उतरू देईना. म्हणतो, ताईची माणसं येईपर्यंत कुणी नाही उतरायचं. मालक मी, आणि हा मला अडवतो. माणूस असा कधी अडवतो? काही लपवायचं असलं की."

"किंवा काही राखायचं असलं की," मी म्हणाले. "रात्रीचा पहारा कुणाचा होता?"

"माझा एक, पोलिसांचा एक. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. एक जरा हलला की दुसरा लगेच मला फोन करायचा. दोन्ही रात्री झोपू दिलं नाही मेल्यांनी."

म्हणजे रात्री कुणी उतरलं नव्हतं. ठेकेदाराच्या तोंडाला कुलूप नव्हतं आणि त्याच्या मनातही काही नसावं. त्याला ते टेकाड डोळ्यांसमोरून गेलं की पुरे होतं.

मी चराच्या काठावर जाऊन खाली पाहिलं. खड्डा लख्ख होता. कडा चाकूने कापल्यासारख्या सरळ, तळाला ढेकूळसुद्धा नाही.

"माती पण नेली तुमच्या साहेबांनी," ठेकेदार मागून म्हणाला. "सोनं नाही मिळालं म्हणून माती नेली. कमाल आहे लोकांची."

तो हसला. मला हसू आलं नाही, कारण साहेबांची ती सवय मला पाठ होती. कामावर लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एक मडकं झटकून रिकामं केलं होतं. साहेब कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "मावशी, भांडं एक वेळ फुटलं तरी चालेल, आतली माती सांडायची नाही. त्यांनी काय खाल्लं, काय पेरलं, ते त्या मातीत असतं." तेव्हापासून मी कुणाची माती सांडू दिली नाही.

मग विचार आला. वाटी मातीने भरलेली होती, असं धाकटा म्हणतो. वाटी गेली. ती माती कुठे गेली?

चोर ती फेकून देईल. पण चोर आमच्यातलाच असला तर?

४

एक वाजता संग्रहालयात पोचले तेव्हा औषधवाली बाई दारातच भेटली. खांद्यावर प्रवासाची बॅग, डोळे तांबारलेले. आई आजारी म्हणून रविवारी गावाला गेली होती ती आत्ता परत येत होती.

"मावशी, मला आज सकाळी कळलं. तो असं करणार नाही हो."

"तू खड्ड्यात होतीस. तुला वाटी दिसली?"

"नाही. पण सगळं मी नाही उचललं. शनिवारी सकाळी मी हाडांची खोकी गाडीत लावत होते, तेव्हा साहेब एकटेच खाली होते. मधला भाग त्यांनी मातीसकट एकत्र उचलला आणि पट्ट्या गुंडाळून वर आणला. म्हणाले, कवटीचे तुकडे आहेत, फार ठिसूळ आहेत. गाडीत मांडीवर घेऊन बसले होते."

"मग तो गोळा उघडला कुणी?"

"तेच म्हणाले मी उघडतो. मला बरंच वाटलं, माझ्याकडे आधीच पाच भांडी होती."

मी तिला काही दाखवलं नाही. उघडताना साहेबांना काही सापडलं असेल, हे म्हणणं आणि साहेबांनी ते लपवलं, हे म्हणणं, यात फार मोठं अंतर आहे. एकोणतीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेल्या बाईला ते एका ढांगेत ओलांडवत नाही.

"तुझ्या भांड्यांतली माती कुठंय?"

"त्याच दिवशी पाण्यात सोडून चाळली. मी गोळे ठेवत नाही, बुरशी येते. साहेब जुन्या पद्धतीचे, ते ओल्या फडक्यात ठेवतात."

मी स्टोअररूम उघडली. खोलीला छप्पर पत्र्याचं, दुपारी आत भाजून निघतं. मातीच्या पिशव्या मांजरपाटाच्या असतात, मागच्या फळीवर ओळीने ठेवतो. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक पिशवीचा नंबर मी स्वतः वहीत लिहिते. टेकाडाच्या पिशव्या एक्केचाळीस होत्या.

मी फळीवरच्या मोजल्या. मग बाईला मोजायला लावल्या.

"बेचाळीस," ती म्हणाली.

५

बेचाळिसावी पिशवी एकदम कोपऱ्यात, मोठ्या पिशव्यांच्या मागे होती. तिच्यावर चिठ्ठी होती. छापील अक्षरांत टेकाडाचा नंबर आणि पुढे बेचाळीस. लपवायची वस्तू, आणि तिला ओळीने पुढचा नंबर दिलेला. ते बघून मला हसावं की रडावं कळेना.

मी फौजदारांना फोन केला आणि ते येईपर्यंत कशालाही हात लावला नाही. ते दोन वाजता आले. त्यांच्यासमोर मी पिशवी उघडली.

आत ओलं फडकं होतं. फडक्यात मातीचा गोळा, मुठीएवढा, वाटी पालथी घालून काढावा तसा. त्याच्या अंगावर पाकळ्या उमटल्या होत्या. मी गोळा फिरवत फिरवत मोजल्या. आठ.

"काशाच्या भांड्यातली माती हिरवी पडते," मी म्हणाले. "हिला बघा, हिरवा ठिपका नाही. म्हणजे ही ज्या वाटीत होती ती गंजणारी नव्हती. माझा भाऊ म्हणतो तीच वाटी. ती खड्ड्यातून इथवर आली आणि इथे कुणीतरी हलक्या हाताने रिकामी केली. माझ्या भावाकडे या खोलीची चावी नाही."

फौजदार गोळ्यावर वाकले. मग त्यांनी विचारलं, "चाव्या किती?"

"दोन. एक साहेबांकडे."

"दुसरी?"

"माझ्याकडे."

"आणि भाऊ तुमचा," ते शांतपणे म्हणाले. "त्याने वाटी मातीसकट तुमच्याकडे आणली. माती सांडायची नाही, हे तुम्हालाही शिकवलेलंच आहे. बरोबर?"

भावाला सोडवायला निघालेली मी, स्वतःच त्याच्या शेजारी जाऊन बसणार होते. औषधवाली बाई माझ्याकडे बघायची थांबली, ते मला जास्त लागलं.

मी फळीवर हात टेकला. हाताला गार लागलं.

पिशवी होती तिथे लाकडावर पाण्याचा गोल डाग होता. फडकं इतकं ओलं होतं की पाणी झिरपून फळीवर आलं होतं. मी फौजदारांचा हात धरून त्या डागावर ठेवला. एरवी एवढं धाडस केलं नसतं.

"या खोलीत सकाळी पिळून टाकलेलं फडकं दुपारपर्यंत कडक होतं," मी म्हणाले. "हे फार तर दहा-अकराला ओलं केलंय. आणि आजच नाही. एकदाही वाळलं असतं तर गोळ्याला भेगा पडल्या असत्या. कुणीतरी रोज येऊन याला पाणी देतंय. बाई रविवारपासून इथे नव्हती. आणि आज सकाळी आठ ते अकरा मी कुठे होते?"

फौजदारांनी डागावरचा हात काढून घेतला. "माझ्या बाकावर," ते म्हणाले.

"अकरानंतर ठेकेदाराकडे, त्याला विचारा. तिथून एक वाजता इथे, बाईच्या समोर. तेव्हापासून ही माझ्याबरोबर आहे."

"पटलं मला. पण ओलं फडकं घेऊन मी इतक्या मोठ्या माणसाच्या दारात जाऊ शकत नाही, मावशी. वाटी त्यांच्या घरी नसली तर माझी नोकरी जाईल, आणि तुमचा भाऊ आतच राहील. चार वाजायला दीड तास आहे."

मी गोळा परत फडक्यात गुंडाळला. "तुम्ही बाहेर माझ्या टबापाशी बसा," मी म्हणाले. "आणि काही झालं तरी तोंड उघडू नका. मी सांगेन तेव्हाच."

६

माझे तीन टब मागच्या अंगणात असतात. मी मधला टब काठोकाठ भरला. फौजदार पालथ्या खोक्यावर बसले, बाई नळापाशी उभी राहिली. मग मी साहेबांना आतून बोलावून घेतलं.

ते आले. नेहमीसारखा खिशात ब्रश, बोटांना माती. या माणसाने मला लिहायला शिकवलं, माझ्या नवऱ्याच्या आजारपणात हॉस्पिटलात रात्रभर तेच बसले. तरीही मी मागे हटले नाही.

"साहेब, फळीवर एक जास्तीची पिशवी निघाली," मी म्हणाले. "वहीत नोंद नाही. कुठली माती, कुणाची, काही पत्ता नाही. फौजदार म्हणतात, नोंद नसलेलं काही ठेवायचं नाही. धुऊन टाकते."

मी गोळा तळहातावर घेतला आणि हात टबावर धरला.

साहेब एक पाऊल पुढे आले. मी हात खाली नेला. बोटं पाण्याला लागली.

"मावशी, थांबा."

"कशाला? साधी माती आहे."

"नाही, नाही. तळाला दाणे आहेत तिच्यात. जळके दाणे, अख्खे. त्यातले दोन त्या वाटीला चिकटून आले होते, मी पाहिलेत. अहो, पाणी लागलं तर विरघळेल सगळं—"

मी हात वर घेतला. फौजदारांकडे बघून मान हलवली.

"कुठल्या वाटीला, साहेब?" फौजदारांनी विचारलं.

साहेब टबाच्या काठावर बसले. त्यांनी नाही म्हटलं नाही, ओरडले नाहीत. टेबलाच्या खालच्या खणात, जेवणाच्या डब्यात आहे, असं सांगितलं. बाई धावत गेली आणि डबा घेऊन आली. कापसात वाटी होती. एवढीशी, पण अंगणात ती उघडली तेव्हा आम्ही चौघेही तिच्यावर वाकलो.

"एकोणतीस वर्षं, मावशी," साहेब म्हणाले. "एकोणतीस वर्षं ब्रशने खणलं मी. खापरं मिळाली. आणि त्याला बकेटच्या एका फटक्यात ही. यादीत घातली असती तर त्याच दिवशी पेटीत बंद होऊन मोठ्या संग्रहालयात गेली असती. मला फक्त काही दिवस जवळ हवी होती. निवृत्त होताना ठेवून जाणार होतो."

"आणि माझा भाऊ?"

"पुरावा नव्हता त्याच्याविरुद्ध. सुटला असता तो."

तोवर मी शांत होते. ते ऐकलं आणि माझा तोल गेला.

"रोज सकाळी तुम्ही चावी लावून आत जात होतात आणि या मातीला पाणी देत होतात," मी म्हणाले. "माझा भाऊ तिथे पाणी मागत होता साहेब, आणि त्याला थांब म्हणत होते. एक दिवस तरी तुमच्या मनात आलं का?"

साहेबांनी मान खाली घातली. फौजदारही खाली बघत होते.

फौजदार वाटीचा पंचनामा करून, ती आमच्याच ताब्यात ठेवून साहेबांना चौकीत घेऊन गेले. पाच वाजता धाकटा स्वतःच्या पायांनी संग्रहालयात आला. बायको बरोबर होती. मी त्याला आधी साबणाने हात धुवायला लावले, मग वाटी त्याच्या ओंजळीत ठेवली. बाईने गोळा अलगद आत सोडला. पाकळीत पाकळी बसली, केसभर जागा राहिली नाही. धाकटा कितीतरी वेळ नुसता बघत राहिला आणि त्याची बायको त्याच्याकडे बघत राहिली.

"सोमवारी मी तुला ते विचारायला नको होतं," मी म्हणाले. "चुकलं माझं."

वाटी त्याने दोन्ही हातांनी मला परत दिली.

"ताई," तो म्हणाला, "उद्यापासून परत मशीनवर जायचंय. पुन्हा असा दगड लागला तर काय करू?"

मला पटकन सांगता आलं नाही. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच.

"थांब," मी शेवटी म्हणाले. "हात थांबव आणि मला फोन कर. पण या खेपेला आधी फोटो काढ."

तो थोडा हसला. मग ती दोघं घरी गेली. मी वहीत बेचाळीस नंबर लिहिला, पुढे माझ्या भावाचं नाव लिहिलं, शोधणारा म्हणून. दिवे बंद केले, दाराला कुलूप लावलं, आणि चार पावलं जाऊन परत फिरले. फडकं ओलं करायचं राहिलं होतं.